अडकित्त्याची दुसरी कळी

नातूबागेपाशी रिक्षा थांबते तेव्हा सर नुकतीच ओसरली आहे. धाकटा सगळ्यांच्या आधी उडी मारतो, ती नेमकी डबक्यात. मधली आजीचा हात धरून तिला जपून उतरवते. थोरला शेवटी उतरतो. त्याच्या कानांत इअरफोन आहेत आणि रविवारची झोप मोडल्याचा राग चेहऱ्यावर तसाच आहे. सात, अकरा आणि पंधरा वर्षांची ही माझी भाचरं, माझी आई आणि मी, असे पाच जण राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयाच्या दाराशी उभे आहोत. छत्र्या झटकतो, तिकिटं काढतो.

“इथं राजा राहायचा?” धाकटा विचारतो.

“आत चल, सांगते,” मी म्हणते.

आत शिरण्याआधी कालच्या रात्रीचं सांगायला हवं, कारण आजची भेट खरं तर तिथंच सुरू झाली आहे. जेवणं झाल्यावर मी फडताळातून माझ्या आजीचा, म्हणजे या मुलांच्या पणजीचा, अडकित्ता काढला आणि चार सुपाऱ्यांसकट त्यांच्यासमोर ठेवला. अंग पितळी, पातं पोलादी, वापरून वापरून काळवंडलेलं. धाकट्यानं दोन्ही हातांनी दाबला, तर सुपारी टुणकन उडून कपाटाखाली गेली. मधली सहावीत आहे. तिनं आधी तो नीट उघडमीट करून पाहिला आणि एकदम ओरडली, “आत्या, ही तरफ आहे! दुसऱ्या प्रकारची! टेकू टोकाला, भार मध्ये, बल इकडे.” पुस्तकात वाचलेली गोष्ट हातात सापडली की मुलांचा आवाज कसा चढतो, ते मला वर्गातून चांगलं ठाऊक आहे. थोरल्यानं मोबाइल बाजूला ठेवला आणि एका हातानं जोर लावला. सुपारी फुटली, पण त्याचा तळवा एका दांडीवरून घसरला आणि कातडी चिमटली. हात झटकत तो म्हणाला, “ह्याचं डिझाईनच चुकलंय.”

मी काही बोलले नाही. उद्या बघू, इतकंच म्हटलं.

मी बावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवते. मुलांना संग्रहालयात नेताना काय होतं, ते पुष्कळदा पाहिलं आहे. शंभर-दीडशे मुलांची रांग, हातात वही, आणि प्रत्येक जण काचेशेजारची पाटी उतरवून घेतोय. वस्तूकडे कुणाचं लक्ष नाही. पाटीवरची अक्षरं वहीत गेली की पाहणं संपलं. यात मुलांचा दोष नाही. तलवार, मुकुट, सिंहासन यांचं एकवेळ नवल वाटतं, पण दिवा, दौत, विळी, कुलूप, डबा या वस्तू हाताच्या आहेत. हातानं हातासाठी केलेल्या. त्या काचेआड गेल्या की मुक्या होतात. मुलांच्या हाताला त्यांची आधीच ओळख असेल, तरच डोळा तिथं थांबतो. म्हणून मी आता आदल्या रात्री काहीतरी हातात देते. एक तरी.

आत आल्यावर पहिली काही मिनिटं तिघंही तीन दिशांना पांगतात. मी पांगू देते. जुन्या वाड्यांतले कोरीव दरवाजे, खांब, कमानी पाहत आई सावकाश चालते आहे. धाकट्याला दारावरचे खिळे मोजायचे आहेत. मोजू दे.

दिव्यांपाशी मधली थांबते. समया, निरांजनं, पंचारत्या, हातात दिवा घेतलेल्या दीपलक्ष्म्या, साखळीनं टांगायचे लामणदिवे. पितळेचा पिवळा रंग इतक्या तऱ्हांचा असतो हे इथं कळतं. कुठं हळदीसारखा, कुठं गुळासारखा, कुठं अगदी चिंचेकडे झुकलेला. एका लामणदिव्यावर पक्षी बसलेला आहे.

“पक्षी शोभेचा आहे ना?” मधली विचारते.

“काही दिव्यांत तो टाकीचं काम करतो,” मी म्हणते. “पक्ष्याच्या पोटात तेल भरायचं. त्याला खाली बारीक भोक. तेल खालच्या पसरट वाटीत उतरतं. वाटीतलं तेल भोकापर्यंत चढलं की हवा आत जायची थांबते आणि तेलही थांबतं. वात जळून तेल कमी झालं, भोक उघडं पडलं, की पुन्हा थोडं उतरतं.”

ती क्षणभर विचार करते. “म्हणजे शाळेतला पाण्याचा जार! उलटा ठेवतात तो. ग्लास भरला की बुडबुडा येतो.”

“तोच.”

“पण मग सांडत कसं नाही?” धाकटा कुठून तरी येऊन विचारतो. बहीण त्याला जार पुन्हा समजावून सांगायला लागते, आणि ती माझ्यापेक्षा चांगलं सांगते. मी मध्ये बोलत नाही. जोगेश्वरीच्या लेण्यात सापडलेला गजदीप मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, त्यातही हत्तीच्या पोटात तेलाची सोय आहे. डिसेंबरात मुंबईला गेलो की तो दाखवायचा, असं मी मनात ठरवते.

थोरला पुढच्या काचेपाशी उभा आहे. मोबाइल हातात आहे, पण बंद. मी लांबूनच पाहते.

आईला मात्र आता काचेपासून हलवणं कठीण झालं आहे. तिच्यासमोर वज्र्या मांडल्या आहेत. पाय घासायच्या. मुठीत मावेल एवढी पितळेची वस्तू. वर मोर किंवा दुसरा कुठला पक्षी, म्हणजे धरायची मूठ. आणि तळाला कानशीसारख्या आडव्याउभ्या खाचा, टाचेची कातडी घासायला. मी वाकून एका मोराकडे पाहते. त्याच्या पाठीवरची पिसं ओळीनं कोरलेली आहेत, पण जिथं अंगठा टेकतो तेवढ्या भागात ती पुसट होऊन गुळगुळीत झाली आहेत. कोण्या बाईनं रोज सकाळी, किती वर्षं, तिथंच अंगठा ठेवला असेल. पाटीवर न लिहिलेली ही गोष्ट मी मुलांना बोटानं दाखवते. तिघांची नाकं एकदम काचेला चिकटतात.

“आमच्याकडे साधी होती,” आई म्हणते. “भाजलेल्या मातीची, नहाणीच्या दगडावर पडलेली असायची. पण माझ्या आत्याकडे होती अशी. तिच्यात खडे असायचे आत, खुळखुळ वाजायची.”

“पाय घासायला आवाज कशाला, आजी?” मधली विचारते.

“कशाला म्हणजे? सकाळी उठून पाणी तापवायचं, नहाणीत अंधार, थंडी. तेवढ्यात हातात काहीतरी छान वाजतंय. बरं वाटतं की.”

मला वाटतं, शोभेच्या कलांवर एवढे ग्रंथ लिहिले गेले आहेत, त्यांतलं फार थोडं आईच्या या उत्तराच्या पुढे गेलं असेल. पाय घासायला मोर लागत नाही. पण घासणाऱ्या बाईला सकाळी सकाळी तो लागतो, आणि करणाऱ्याला ते कळलेलं असतं.

धाकटा दमला आहे. सातव्या वर्षी पाय फार लवकर दुखतात आणि तितक्याच लवकर दुखायचे थांबतात. जिन्यापाशी आम्ही जरा टेकतो. “आता सांग, कुठला राजा?” तो आठवण करून देतो. प्रश्न विसरलेला नाही.

मग मी सांगते. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ सालचा. ते कवी होते, ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहायचे. इतिहासाची ओढ. १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला लागले आणि मग ते कधी थांबलेच नाहीत. गावोगाव फिरायचे. जे लोक मोडीत घालत होते, अडगळीत टाकत होते, ते हे उचलून आणायचे. पत्नी कमलाबाईंची साथ होती. चाळीस वर्षांत पंधरा हजारांवर वस्तू झाल्या. १९६२ साली त्यांनी हा सारा ठेवा महाराष्ट्र सरकारच्या हाती दिला. आज इथं वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या असतात. बाकीच्यांना जागा नाही. ते स्वतः १९९० साली गेले.

“पण राजा?”

“राजा त्यांचा मुलगा. लहानपणीच गेला. त्याचं नाव दिलं ह्या सगळ्याला.”

“केवढा होता?”

मी आईकडे पाहते. मग सांगते, “सात वर्षांचा.”

धाकटा काही विचारत नाही. आजीच्या पदराशी चाळा करत बसून राहतो. थोडा वेळ गेल्यावर समोरच्या भिंतीवरचं नाव एक एक अक्षर लावून मोठ्यानं वाचतो. रा-जा. दि-न-क-र. के-ळ-क-र. थोरल्यानं इअरफोन काढून खिशात ठेवलेले आहेत. कधी काढले, ते मला दिसलं नाही.

मुंबईत राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय मला फार आवडतं, पण त्याची गोष्ट निराळी आहे. १८७२ साली ती इमारत उघडली तेव्हा तिचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं, आणि देशातली कारागिरी, उद्योग, व्यापार जगाला दाखवावा हा हेतू होता. इथं तसा हेतू दिसत नाही. इथं एका माणसाला घरं जपायची होती. स्वयंपाकघर, देवघर, नहाणी, माजघर, ओसरी. म्हणून इथं मुलांना हिंडवणं मला सोपं जातं. वस्तू कुठून आली हे सांगण्याआधी ती घरात कुठं ठेवायची हे विचारता येतं, आणि त्याचं उत्तर आजीला येतं.

स्वयंपाकाची भांडी आम्ही भराभर पाहतो. विळ्या, खवण्या, शेवया पाडायचे पितळी सोरे. आई प्रत्येकाचं नाव घेत जाते आणि मधली वहीत उतरवत जाते. तिच्या वहीत चित्रं कमी आणि शब्द जास्त झालेत. चुनाळं, पिकदाणी, गुलाबदाणी, अत्तरदाणी, कलमदान. मग कुलपं येतात आणि धाकट्याचे पाय दुखायचे थांबतात. विंचवाच्या आकाराचं कुलूप! “चोरानं हात लावला की चावणार,” तो जाहीर करतो आणि नांगी कुठून सुरू होते ते शोधत बसतो. वाद्यांच्या दालनात मधलीला वीणेच्या भोपळ्याजवळून हलायचं नाही, आईला बसायला हवं आहे. मी दोघींना तिथंच ठेवते.

आणि मग अडकित्ते.

एक नाही, दोन नाही, काचेच्या कपाटात ओळीनं. पितळी, लोखंडी, जाळीचे, नक्षीचे. घोडा झालेला अडकित्ता, मोर झालेला अडकित्ता. एकात तर पुरुष आणि बाई समोरासमोर उभे आहेत. दांड्या मिटल्या की ती दोघं जवळ येणार, उघडल्या की दूर जाणार. उघडमीट ही यंत्राची गरज. कारागिरानं त्याच हालचालीचा संसार केला. विडा करून देणं हे आपल्याकडे जेवणाइतकंच मानाचं आणि थोडं लाडाचंही काम होतं. ते ज्यानं पाहिलं, त्यालाच हे सुचणार.

थोरला या काचेसमोर येऊन पंधरा मिनिटं झाली आहेत. आता मान वाकडी करून तो खालून काहीतरी बघतो आहे.

“आत्या, आपल्या अडकित्त्याला एकाच दांडीच्या टोकाला गोळा आहे ना? कळीसारखा?”

“हो.”

“इथं बघ. दोन्ही दांड्यांना आहे. ह्यालाही. ह्यालाही.” त्याचं बोट काचेवरून एकेका अडकित्त्यावर सरकत जातं. “सगळ्यांना काही ना काही आहे टोकाला. कुणाला गोळा, कुणाला नुसती वळवलेली दांडी. पण दोन्हीकडे.”

मी पाहते. खरंच आहे. हा अडकित्ता माझ्या हातात लहानपणापासून आहे. मी चित्रकला शिकवते, वस्तू निरखायला शिकवते, आणि हे माझ्या नजरेला कधी पडलेलं नाही.

“काल माझा हात कुठून घसरला माहितेय? जिथं कळी नाही तिथून.” तो हवेत मूठ आवळून दाखवतो. “जोर दिला की हात टोकाकडे सरकतो. कारण टोकाकडून दाबलं तर कमी जोर लागतो. काल ती म्हणाली ना, तरफ. मग टोकाला अडवायला काहीतरी पाहिजेच.” थांबतो. “म्हणजे चुकलेलं नाहीये. तुटलंय.”

आई एव्हाना उठून आमच्यामागे येऊन उभी राहिली आहे. तिनं सगळं ऐकलं आहे.

“मी लग्न होऊन आले तेव्हाही तो असाच होता,” ती म्हणते. “सासूबाई त्या दांडीला चिंधी गुंडाळायच्या. चांगली जाड, दोऱ्यानं बांधलेली. मला वाटायचं, हाताला लागतं म्हणून. त्या गेल्यावर मी ती काढून टाकली. मळकी दिसायची.”

आम्ही सगळेच जरा गप्प होतो. माझ्या डोळ्यांसमोर आजीचा हात येतो. दुपारची जेवणं झाल्यावर झोपाळ्यावर बसून ती कातरायची ती सुपारी, आणि तिच्या तळव्याशी ती पांढरी गाठ. गाठ मला आठवते आहे. कळीच्या जागी तिनं कळीच बांधली होती, चिंधीची.

“कोणी पाडली ती कळी?” धाकटा विचारतो. त्याला यात गुन्हेगार हवा आहे.

“कोणाच्या तरी हातून पडला असेल, बाळा. शंभर वर्षांत एकदा तरी पडणारच.”

मस्तानी महालात जायला आता फारसा वेळ उरलेला नाही, तरी जातो. कोथरूडला पहिल्या बाजीरावांनी मस्तानीसाठी जो महाल बांधला होता, त्याचे उरलेसुरले भाग केळकरांनी इथं आणून पुन्हा उभे केले आहेत. मधलीनं सिनेमा पाहिला आहे, तिला तो महाल केवढा तरी मोठा वाटत होता. “एवढाच?” ती हळूच म्हणते. मग छताकडे बघत उभी राहते आणि थोड्या वेळानं, कुणी न विचारता, “छान आहे पण,” असं म्हणते. अकराव्या वर्षी असं मत बदलता येतं. मी तिला घाई करत नाही.

बाहेर येतो तेव्हा पुन्हा भुरभुर सुरू आहे. बाजीराव रस्त्यावरून बस गुरगुरत जाते. आई बटव्यात सुपारीचं खांड शोधते आहे. धाकटा दाराच्या पायरीवर बसून मधलीच्या वहीत विंचू काढतो, नांगी कागदात मावत नाही म्हणून पुढच्या पानावर नेतो. मी रिक्षासाठी हात वर करते.

“आत्या, पाच मिनिटं,” थोरला म्हणतो. “जाऊन येतो आत.”

“आता काय राहिलं?”

“कळीचं टोक कसं वळलंय ते नीट बघितलंच नाही. तिकीट आहे ना माझं?”

तिकीट, सकाळी मी दिलेली आणि त्यानं घडी करून खिशात कोंबलेली छोटी वही, पेन्सिल, सगळं घेऊन तो आत जातो. मी रिक्षावाल्याला नको म्हणते. पाच मिनिटांची वीस होतात. परत येतो तेव्हा केस विस्कटलेले, बोटाला पेन्सिलीची काजळी. वही माझ्यासमोर धरतो. एकाच कळीची चार चित्रं आहेत: समोरून, बाजूनं, खालून, आणि एकात त्यानं स्वतःची मूठ काढली आहे, करंगळी त्या कळीवर अडलेली. हात कच्चा आहे, रेषा खोडलेल्या आहेत. माझ्या वर्गात इतकं नेमकं चित्र मला फार कमी वेळा मिळालं आहे.

“बाहेरच्या बाजूला जरा फुगीर आहे, आत चपटी,” तो सांगतो. “दोन्ही दांड्या मिटल्या की कळ्या एकमेकींवर आपटायला नकोत ना, म्हणून. आत्या, आपल्याला एक करून मिळेल? कसब्यात तांबट आळी आहे ना?”

“तांबट ठोकून करतात रे,” आई म्हणते. “ही ओतलेली आहे. ओतारी लागेल.”

“ओतारी म्हणजे?”

“पितळ वितळवून साच्यात ओततात ते.”

तो वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतो. ओतारी. मग वर बघून विचारतो, “पण साचा? तो कशाचा करायचा?”

“असलेल्या कळीवरूनच घेतील की,” आई म्हणते. “एक आहे ना शाबूत.”

रिक्षा येते. पाऊस वाढला आहे. वही भिजू नये म्हणून तो ती शर्टाच्या आत घालतो, आणि कसब्याकडून जाता येईल का, असं रिक्षावाल्या काकांना विचारायला पुढे वाकतो.